सिमेंटचा पत्रा : मराठवाड्यातील एका अनाम द्रव्याचा इतिहास

नांदेड किंवा लातूर येथील इमारती सामानाच्या दुकानात छपरासाठी पत्रे मागितले असता दुकानदार सहसा एकच प्रतिप्रश्न करतो : टिनाचे की सिमेंटचे? व्यवहाराच्या भाषेत पत्र्याच्या या दोनच जाती आहेत. पैकी दुसऱ्या जातीच्या पत्र्यात सिमेंटच्या जोडीला ज्या खनिजाचे तंतू परंपरेने मिसळले गेले, त्या ॲस्बेस्टॉसचे नाव या संभाषणात येत नाही. अलीकडे काही कारखाने ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही काढतात. पण तेही त्याच नावाने विकले जात असल्यामुळे गिऱ्हाइकाला हा भेद कळण्यास भाषेची काही मदत होत नाही. एखादी वस्तू लाखो घरांवर चढते, दोन-तीन पिढ्या तिच्याखाली निजतात आणि तिचे नाव मात्र लोकांच्या तोंडी येत नाही, ही घटना भाषेच्या अभ्यासकाला नवलाची वाटावी अशी आहे. परंतु ती केवळ नवलाची नाही. या द्रव्याच्या धुळीपासून जडणारे रोग पंचवीस-तीस, प्रसंगी पन्नास वर्षांनी प्रकट होतात. आणि इतक्या अंतराने कार्यकारणाचा धागा जोडावयाचा तर नाव हाच मुख्य दुवा असतो. तो दुवा या प्रदेशात कसा तुटला, किंबहुना जोडलाच कसा गेला नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘ॲस्बेस्टॉस’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ ‘न विझणारे’. ग्रीकांनी तो मुळात कळीच्या चुन्यास लावला होता. ज्या तंतुमय दगडाला आपण आज ॲस्बेस्टॉस म्हणतो त्याला त्यांचे नाव वेगळे होते : ‘अमिआन्तॉस’, म्हणजे ‘न मळणारे’, निर्मल. कारिस्टॉस येथील दगड पिंजून, विणून त्याचे रुमाल करीत आणि ते मळले म्हणजे पाण्यात न धुता विस्तवात टाकून स्वच्छ करीत, असे स्ट्राबोने लिहून ठेवले आहे. पुढे लॅटिनमधून जाताना नावांची अदलाबदल झाली आणि चुन्याचे नाव दगडाला चिकटले. आधुनिक ग्रीक भाषेत मात्र जुनीच व्यवस्था टिकून आहे. तेथे ‘आस्वेस्तिस’ म्हणजे चुना, आणि आपला ॲस्बेस्टॉस तो ‘अमिआन्तॉस’च. फ्रेंचांनीही ‘आमियांत’ हेच नाव ठेवले. या द्रव्याच्या चरित्रात नावाचा घोटाळा असा आरंभापासूनच आहे.

आपल्याकडे विस्तवात धुतल्या जाणाऱ्या वस्त्राची कल्पना अपरिचित नव्हती. देवीमाहात्म्यात शुंभाच्या ऐश्वर्याचे वर्णन करताना अग्नीने त्याला दिलेल्या वस्त्रांचा उल्लेख येतो व त्यांना ‘अग्निशौच’ हे विशेषण लावलेले आहे. माहूरला आणि तुळजापूरला नवरात्रात सप्तशतीचा पाठ करणारे उपाध्ये हा शब्द दरसाल उच्चारतात. तो या खनिजाच्या वस्त्राचा वाचक असावा असा तर्क करता येतो. सिद्ध करता येत नाही, आणि आपल्या मुद्द्यासाठी ते सिद्ध होण्याची आवश्यकताही नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की संस्कृतात अशा वस्तूसाठी शब्द घडविण्याची सोय होती. हिंदीच्या परिभाषाकारांनी ती वापरून ‘अदह’ असा शब्द सिद्ध केला. मराठीच्या बोलीत मात्र असा एखादा शब्द रुजला नाही.

मराठीने जे केले ते अधिक रंजक आहे. तिने आपल्याजवळचा ‘पत्रा’ हा शब्द पुढे केला. पत्र म्हणजे पान, पानासारखा पातळ केलेला धातू तोही पत्र, म्हणून ताम्रपत्र, त्यावरून पत्रा. म्हणजे पत्रा हा व्युत्पत्तीने पानाचा आणि रूढीने धातूचा. ‘सिमेंटचा पत्रा’ हा शब्दप्रयोग त्या अर्थाने वदतोव्याघातच होय. पण भाषा अशा व्याघातांवरच जगते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती विशेषणाबद्दल आहे. या पत्र्याच्या वजनात सुमारे नऊ दशांश भाग सिमेंट व इतर द्रव्ये आणि उरलेला एक दशांश तंतू असतात. लोकांनी नाव दिले ते नऊ भागांवरून. ज्या एका भागामुळे तो पातळ असूनही तुटत नाही, आणि ज्या एका भागामुळे तो घातक ठरतो, तो नावातून गळला.

यावर असे म्हटले जाईल की शब्द उच्चाराला अवघड, म्हणून तो गळला. हे मत मला मान्य नाही. ज्या लोकांनी पोर्तुगीजांचे ‘इस्पितळ’ घेतले, फारसीचे ‘तालुकदार’ आणि ‘जमाबंदी’ पचविले, इंग्रजीतून ‘टेशन’ आणि ‘बालिस्टर’ घडविले, त्यांच्या जिभेला चार अक्षरे जड व्हावीत असे नाही. गरज असली म्हणजे शब्द झिजवून का होईना आपलासा केला जातो. येथे तो झिजलासुद्धा नाही. कारण तो लोकांच्या हाती फारसा पडलाच नाही. तो दुकानाच्या अलीकडेच थांबला.

आता हे द्रव्य येथे पोहोचले कसे ते पाहू. ल्युडविग हात्शेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने विसाव्या शतकाच्या आरंभी सिमेंट व ॲस्बेस्टॉस यांच्या रबड्यापासून पातळ तक्ते करण्याची रीत शोधून तिचे एकस्व मिळविले आणि आपल्या मालाला ‘एटर्निट’ असे नाव ठेवले. लॅटिन धातूवरून पाहता त्याचा अर्थ ‘चिरंतन’. न विझणारे, न मळणारे, चिरंतन : तीनही नावे स्तुतिपरच आहेत. भारतात या मालाचा पहिला कारखाना १९३४ मध्ये मध्य प्रांतात, कटनीजवळ कैमूर येथे निघाला. तो ब्रिटिश टर्नर अँड न्यूऑल या कंपनीशी संबंधित ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड’ने काढला व तिनेच १९३७ च्या सुमारास मुंबईत मुलुंड येथे दुसरा काढला. तिसरी घटना आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १९४६ साली बिर्ला घराण्याने हैदराबादेत ‘हैदराबाद ॲस्बेस्टॉस सिमेंट प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. त्या वेळी नांदेड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा होता, आणि लातूर हे त्याच राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याचे व्यापारी गाव. १९०० च्या सुमारास हैदराबादेहून मनमाडपर्यंत टाकलेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडवरूनच जातो. राजधानीचा माल मराठवाड्यात येण्यास वाट तयारच होती. १९४८ चे पोलीस ॲक्शन, १९५६ ची राज्यपुनर्रचना यांनी राजकीय सीमा बदलल्या. बाजाराच्या वाटा तितक्या सहज बदलत नाहीत.

या हैदराबादी पत्र्याचे व्यापारी नाव ‘चारमिनार’. त्याच शहरात, अगदी वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या मालकीखाली तयार होणाऱ्या एका सिगारेटचेही नाव चारमिनारच होते. हा योगायोग मी सहज नोंदवीत नाही. ॲस्बेस्टॉसची धूळ आणि तंबाखूचा धूर हे दोन्ही ज्याच्या छातीत जातात त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेहून कितीतरी अधिक असतो, हे पुढे निर्विवाद ठरले. फुप्फुसाच्या आवरणाचा जो कर्करोग, ज्याला वैद्यकात मेसोथेलिओमा म्हणतात, त्याचा मात्र धूम्रपानाशी संबंध आढळत नाही. त्याचे जवळजवळ एकमेव ज्ञात व्यापक कारण हे तंतूच होत. म्हणून वैद्यकीय इतिहासात हा रोग साक्षीदारासारखा आहे. तो जेथे आढळतो तेथे तंतू येऊन गेले असले पाहिजेत असे बहुतेक खात्रीने म्हणता येते.

पत्रा मराठवाड्यात का रुजला हे समजण्यासाठी त्यापूर्वीचे छप्पर ध्यानात घ्यावे लागते. येथील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया व सरे, वर चिपा-काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पण दरसाल माती चढवावी लागे आणि चढलेली माती कोणी उतरवीत नसे. पिढ्यान्‌पिढ्या छपराचे वजन वाढतच जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मेली, ती बहुतांशी या भिंती व ही माती अंगावर पडून. त्यानंतर बाधित गावांचे पुनर्वसन झाले. तात्पुरत्या वसाहती टिनाच्या पत्र्यांच्या होत्या. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांच्या मनात हलके छप्पर म्हणजे सुरक्षित छप्पर हे समीकरण पक्के झाले, आणि ते चुकीचे नाही. पत्र्याविरुद्ध लिहिणाऱ्याने हे विसरता कामा नये. माळवदाने एका रात्रीत मारले. त्याच्याशी तुलना करता चाळीस वर्षांनी कदाचित येणाऱ्या रोगाची भीती कोणी मनात धरावी?

हलक्या छपरात टिन की सिमेंट, हा प्रश्न हवामान सोडविते. नांदेडचा मे महिना ज्यांनी टिनाखाली काढला आहे त्यांस तो अधिक सांगावयास नको. सिमेंटचा पत्रा टिनाइतका तापत नाही, गंजत नाही, आणि पावसात ताशासारखा वाजत नाही. म्हणून शाळेच्या खोलीवर तो घातला तर शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. लातूरच्या डाळमिली व आडतीची गोदामे, नांदेडकडची जिनिंगची आवारे, कोंबड्यांचे वाडे, जनावरांचे गोठे, वस्तीवरची एकखणी घरे यांवर तो चढला तो त्याच्या गुणांमुळे. वाईट वस्तू लोकांनी अज्ञानाने घेतली असे मांडणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून नाही. लोकांनी एक चांगली वस्तू घेतली. तिच्या पोटात काय आहे हे तिच्यासोबत आले नाही.

काय आहे हे कळले होते की नाही, हा यापुढचा प्रश्न. आणि येथे सनावळी फार बोलकी आहे. इंग्लंडात रॉचडेल येथील एका ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली केर्शॉ ही स्त्री १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी तिचा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला आणि १९२७ मध्ये या रोगाला ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव दिले. १९३० मध्ये मेरेवेदर व प्राइस यांनी सरकारला अहवाल सादर केला. त्यांनी तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांची फुप्फुसे तंतूंनी घट्ट झाली होती. १९३१ मध्ये ब्रिटनने या धंद्यासाठी नियम केले. म्हणजे कैमूरचा कारखाना निघाला तो हे नियम झाल्यावर तीन वर्षांनी, आणि मुलुंडचा सहा वर्षांनी. यंत्रे आली, रीत आली, भांडवल आले. ज्ञान त्याच जहाजाने येऊ शकले असते.

कर्करोगाचा संबंध कळण्यास अधिक काळ लागला. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण गणिताने दाखविले. १९६० मध्ये वाग्नर, स्लेग्ज व मार्शंद यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य केप भागातील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले; त्या भागात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. त्यांतील काही जणांनी खाणीत कधी कामही केले नव्हते. ते केवळ बालपणी त्या टेकड्यांच्या आसपास राहिले होते. १९६५ मध्ये न्यूहाउस व थॉम्प्सन यांनी लंडनमधील ७६ रुग्णांची पूर्वपीठिका तपासली. ३१ जणांचा धंद्यातून संबंध आला होता. ९ जणांचा घरातून. त्यांत बहुतेक बायका होत्या, नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या. उरलेल्या ३६ पैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत असत. हा निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी या शेवटच्या दोन आकड्यांवर क्षणभर थांबावे. घाटावर कपडे आपटणारी बाई कोणत्याही हजेरीपत्रकात नसते.

रोगाची घडण थोडक्यात अशी. हे तंतू उभे चिरत जातात, अधिकाधिक बारीक होत जातात आणि डोळ्यांना न दिसणारे झाले म्हणजे हवेत दीर्घकाळ तरंगतात. श्वासावाटे खोल गेलेला तंतू शरीराला विरघळविता येत नाही. त्याला गिळू पाहणाऱ्या पेशी त्यापायी मरतात, दाह होत राहतो, आणि काही तंतू फुप्फुसाच्या आवरणापर्यंत जाऊन पोहोचतात. पांढरा ॲस्बेस्टॉस निळ्याच्या मानाने मेसोथेलिओमा कमी प्रमाणात घडवितो, हे खरे आहे. तो निर्दोष आहे हे खरे नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्व जातींना मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण मानले आहे. तसेच छपरावर अखंड पडून असलेला पत्रा आणि करवतीखालचा पत्रा यांत मोठा भेद आहे, तोही मान्य केला पाहिजे. पहिल्याखाली राहणाऱ्याने भयभीत व्हावे असे कारण नाही. धोका आहे तो पत्रा कापताना, भोके पाडताना, वादळाने फुटलेले तुकडे ठेचून जोत्यात किंवा रस्त्यावर भर म्हणून घालताना, आणि जुना पत्रा ब्रशाने घासताना.

आणि हे काम कोण करतो? गवंडी, सुतार, मिस्त्री आणि त्याचा हाताखालचा पोरगा. मराठीत धुळीला शब्दांची वाण नाही : धूळ, धुरळा, फुफाटा, भुसा, भुगा, कीस, पूड, भुकटी. सुताराच्या करवतीखाली पडतो तो भुसा, रस्त्यावर उडतो तो धुरळा, उन्हाळ्यात पायाला चटके देतो तो फुफाटा. पत्रा कापताना जी निघते ती ‘सिमेंटची भुकटी’. विशेषण पुन्हा तेच. सिमेंटची भुकटी अंगावर घेणे हा गवंडीकामाचा रोजचा भाग असल्यामुळे तिच्यापासून दूर राहण्याचे कारण त्या नावात कोठेच नसते.

नावाचा हा अभाव दुसऱ्या टोकाला, म्हणजे रोगाच्या बाजूलाही आहे. मेसोथेलिओमाचे पहिले लक्षण बहुधा दम लागणे आणि छातीच्या पडद्यांत पाणी साचणे हे असते. आपल्या बोलीत याला सरळ ‘छातीत पाणी झाले’ असे म्हणतात, आणि छातीत पाणी म्हणजे क्षय, हे समीकरण रुग्णाच्या मनात तसेच वैद्याच्या मनातही प्रथम येते. ते अवाजवी नाही. या देशात क्षय इतका आहे की दहांतील बहुतेक वेळा ते बरोबरच ठरते. परंतु त्यामुळे क्षयाचे औषध चालू असताना, किंवा ते संपून गुण न येता, जो मनुष्य दगावतो त्याच्या मृत्यूची नोंद काय होते? ‘दमा’, ‘क्षय’, किंवा नुसते ‘वृद्धापकाळ’. ऊतीचा तुकडा काढून विशेष रंजनाने तपासल्याखेरीज हा रोग निश्चित होत नाही, आणि ती तपासणी तालुक्याच्या गावी होत नाही. कर्करोगाची ग्रामीण भागातील पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदवही या देशात १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीसह परांडा व भूम हे मराठवाड्याचे दोन तालुके आले. गावोगाव जाऊन, लोकांच्या भाषेत लक्षणे विचारून रुग्ण शोधण्याची तिची रीत अनुकरणीय आहे. तथापि कोणतीही नोंदवही निदानाच्या पुढे जाऊ शकत नाही. ज्याचे निदान झाले नाही तो तिच्यात येत नाही, आणि जो तिच्यात येत नाही तो जणू घडलाच नाही. ‘आमच्याकडे हा रोग नाही’ हे विधान यास्तव इतिहासाचा निष्कर्ष म्हणून स्वीकारता येत नाही. ते फक्त दप्तराचे वर्णन आहे.

दप्तर असेल तेथे काय दिसते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. मुंबईतील ॲस्बेस्टॉसमिश्रित माल काढणाऱ्या एका गिरणीतील कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तपासलेल्या १८१ जणांत पाचांतील एकाहून अधिकांस ॲस्बेस्टोसिस आढळला. मेरेवेदरच्या ९५ शी हे प्रमाण ताडून पाहावे. मध्ये पाऊणशे वर्षे गेली आहेत. हे कामगार सापडले, कारण त्यांची हजेरीपत्रके होती, संघटना होती, आणि त्यांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारणारे कोणी होते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निर्णय केवळ कायद्याच्या नव्हे तर इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही वाचण्यासारखा आहे. अहमदाबादच्या ‘कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला, आणि प्रत्येक ॲस्बेस्टॉस उद्योगाने कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन करावी असा आदेश दिला. रोगाच्या संथ गतीइतकेच दीर्घायुषी दप्तर असले पाहिजे, हे तत्त्व यात प्रथमच मान्य झाले. न्यायालयाने एक प्रकारे पुराभिलेखागारच निर्माण केले. पण ते कारखान्यापुरते. १९४८ च्या अधिनियमात कारखाना म्हणजे यंत्रशक्ती असल्यास दहा, नसल्यास वीस कामगारांचे आवार असे मानले होते. भोकरच्या किंवा औशाच्या एखाद्या वस्तीवर शिडीला टेकून पत्रा कापणारा मिस्त्री हा एकटाच असतो. त्याचे चाळीस वर्षांचे दप्तर त्याच्या छातीतच राहते. सरसकट बंदीची मागणी पुढे आली तेव्हा, जानेवारी २०११ मध्ये, त्याच न्यायालयाने ती देण्यास नकार दिला. तो विषय संसदेसमोर असल्याचे कारण त्यात होते.

राज्यकर्त्यांची भूमिकाही द्विधा राहिली. १९८६ मध्ये देशात या खनिजाच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबविण्यात आले. आयात मात्र चालू राहिली आणि रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून येणाऱ्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा भारत हा जगातील सर्वांत मोठा ग्राहक बनला. घातक मालाच्या व्यापारात पूर्वसूचना सक्तीची करणाऱ्या रॉटरडॅम कराराच्या यादीत त्याचा समावेश करण्यास भारताने २०११ मध्ये अनुकूलता दाखविली व २०१३ मध्ये पुन्हा विरोध केला. हा वाद केवळ एका नावाला यादीत जागा देण्याचा होता, हे ध्यानात घ्यावे.

नाव गळण्याची क्रिया केवळ बोलीत झाली असेही नाही. ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड’ पुढे ‘एव्हरेस्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘हैदराबाद ॲस्बेस्टॉस सिमेंट प्रॉडक्ट्स’ची ‘हैदराबाद इंडस्ट्रीज’ झाली. या मालाच्या उत्पादकांच्या संघटनेच्या नावातील ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट’च्या जागी ‘फायबर सिमेंट’ आले. धंदे वाढले, विस्तारले म्हणूनही नावे बदलतात. हेतूचा आरोप करण्याचे येथे कारण नाही. परिणाम तेवढा पाहावयाचा. जो शब्द आधीच दुकानाच्या अलीकडे थांबला होता तो आता कारखान्याच्या पाटीवरूनही उतरला. पाणीपुरवठ्याच्या योजनांत याच द्रव्याचे नळ जमिनीखाली घातले गेले; अंदाजपत्रकांत त्यांचे नाव ‘ए. सी. पाइप’. आजच्या विद्यार्थ्याला या दोन अक्षरांनी उन्हाळ्यातील गारव्याचीच आठवण होईल. आणि २०११ च्या जनगणनेत छपराच्या रकान्यात जस्ती लोखंड, इतर धातू व ॲस्बेस्टॉस या तिन्हींचे पत्रे एकाच वर्गात घातले गेले. देशातील सुमारे १६ टक्के कुटुंबे या वर्गात पडली. त्यांपैकी कितींच्या डोक्यावर टिन आणि कितींच्या डोक्यावर तंतू, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. गावच्या दुकानदाराला जो भेद माहीत आहे, टिनाचे की सिमेंटचे, तो जनगणनेने पुसून टाकला. येथे लोकभाषा सरकारी भाषेपेक्षा अधिक काटेकोर ठरली, हे तिच्या श्रेयाला लिहिले पाहिजे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी साधनांविषयी दोन शब्द. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये करआकारणीसाठी घराच्या बांधणीचे वर्णन असते. त्यावरून माळवद जाऊन पत्रा केव्हा आला हे गाववार, वर्षवार लावता येईल. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या दरसूच्या व शाळाखोल्यांची अंदाजपत्रके यांत ॲस्बेस्टॉसचे नाव पूर्ण लिहिलेले सापडते, कारण त्याचे भारतीय मानक त्याच नावाने निघालेले आहे. मिस्त्रींच्या मुलाखती घेताना ‘तुम्ही ॲस्बेस्टॉसचे काम केले का?’ असे विचारू नये. उत्तर नकारार्थी येईल आणि ते प्रामाणिक असेल. ‘सिमेंटचे पत्रे किती वर्षे कापले, करवतीने की यंत्राने, भुकटी कोठे टाकत होता, कपडे कोण धूत असे,’ असे विचारावे. आणि जेथे कागद नाहीत तेथे वर पाहावे. कारखान्यातून निघताना पत्र्यावर उत्पादकाचा ठसा उमटवलेला असतो. ऊनपावसाने वरच्या बाजूचा तो पुसला जातो, परंतु आतून, आढ्याजवळ जेथे धुराने तो काळवंडलेला नसेल तेथे, जुन्या गोदामांतून व गोठ्यांतून तो शोधून पाहण्यासारखा आहे. वाचताना पत्र्याला हात लावू नये, आणि तो घासून स्वच्छ तर मुळीच करू नये.